सातवा रकाना

४ तारीख, सोमवार

हसऱ्यांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि दार स्वतः उठून लावलं. त्यांना दार लावताना मी याआधी एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा आत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसला नव्हता.

हसरे म्हणजे आमचे विभागप्रमुख. आडनाव वेगळं आहे, पण ओठांवरचं हसू कधी उतरत नाही, म्हणून हे नाव. आज ते बोटभर जास्तच होतं. म्हणाले, "मॅडम, एक मोठं काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आमची कंपनी लिफ्ट बनवते. आम्ही काहीजण त्या लिफ्टचं डोकं बनवतो, म्हणजे दार कधी उघडायचं, कुठे थांबायचं, ब्रेक कधी लावायचा हे ठरवणारा प्रोग्राम. आता एका मोठ्या हॉस्पिटलला स्ट्रेचर मावेल अशा लिफ्ट द्यायच्यात आणि त्यांचं डोकं नव्याने लिहायचंय. ते कुठल्या पद्धतीने लिहायचं, हे मी ठरवायचं. असे प्रोग्राम लिहिण्याच्या जेवढ्या पद्धती आहेत त्यांचं वर्गीकरण करायचं, तक्ता मांडायचा, एक पद्धत निवडायची आणि खाली सही करायची.

सही म्हटल्यावर अंगावर मूठभर मांस चढलं. कारण आमच्याकडे ज्याची सही, त्याची पहिली फेरी. ही थोरल्या मालकांची रीत. लिफ्ट कारखान्याबाहेर पडण्याआधी सही करणाऱ्याने तिच्यात एकट्याने वरपर्यंत जायचं, खाली यायचं, स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं आणि दाराशेजारची पितळी घंटा वाजवायची. घंटा वाजल्याशिवाय फिटर मालाच्या फाटकाची किल्ली देत नाही. आमच्या जाहिरातीतसुद्धा हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. आजवर ती सही हसऱ्यांची असायची. या वेळी म्हणाले, "हा मान तुमचा."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "त्याला का नकोय मग?"

याला माझं चांगलं झालेलं कधी कधी बघवत नाही.

६ तारीख, बुधवार

मला नवी खोली दिली, कुणी त्रास देऊ नये म्हणून. खोली चाचणीच्या मनोऱ्याला लागून आहे. मनोऱ्यात लिफ्ट चढवून-उतरवून बघतात. आत सगळं पोकळ, म्हणून आमच्याकडे त्याला विहीर म्हणतात. खोलीला खिडकी नाही. दार फुगलंय, आतून ओढलं की अडतं आणि बाहेरून कुणीतरी ढकलावं लागतं. दिवसभर भिंतीपलीकडे दोर सरकत असतात. पण शांतता आहे, टेबल मोठं आहे. तक्रार करायला जागा नाही.

वर्गीकरण हा माझा जुना रोग. घरातली बटणंसुद्धा मी भोकांच्या संख्येवरून लावून ठेवते. तेव्हा कामाला भूक लागल्यासारखी बसले. पहिले दोन ढीग केले: ज्याला उशीर चालतो ते, आणि ज्याला चालत नाही ते. लिफ्टमधला पडदा, त्यावरचे आकडे, गाणी यांना उशीर चालतो. दाराला चालत नाही. दार मिटताना मध्ये हात आला तर ठरल्या वेळेच्या आत ते उघडलंच पाहिजे. हात चेंगरल्यावर उघडलं तर उत्तर बरोबर आहे, पण त्याचं करायचं काय? आमच्या धंद्यात उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूक धरतात.

मग पद्धती. एक, आधी सगळं कागदावर काढून मगच लिहिणारी. दुसरी, गणिताने सिद्ध करत जाणारी, जिच्यात माणसं म्हातारी होतात. तिसरी पंधरवड्याची: थोडं लिहा, पंधरा दिवसांनी दाखवा, बदला, पुन्हा लिहा. हिचे लोक सहसा निरोपांवर चालणारा प्रोग्राम करतात. काही घडलं की निरोप येतो, रांगेत उभा राहतो, पाळी आली की त्याचं काम होतं. नवं काही जोडायचं तर एक निरोप वाढवायचा, की झालं. चौथी फेरीची: प्रोग्राम रखवालदारासारखा ठरलेल्या वेळेला फेरी मारतो, निरोप असो-नसो, दार बघतो, ब्रेक बघतो, पुन्हा दार बघतो. लिहायला किचकट, बदलायला त्याहून किचकट.

माझ्या सासूबाई फेरीच्या. गॅस, नळ, कडी, पुन्हा गॅस. नवरा निरोपांचा, आणि त्याच्या रांगेत माझा निरोप कायम शेवटचा. मी स्वतः आधी सगळं कागदावर काढणारी. कागद छान होतो आणि वेळ संपलेली असते.

तक्त्याला सात रकाने केले, प्रत्येकाला दहा गुण. खर्च, वेग, बदलायची सोय, माणसं मिळणं, साधनं मिळणं, गिऱ्हाइकाला मधूनमधून दाखवता येणं, आणि सातवा: सगळ्यात वाईट घडीला किती वेळ लागेल, हे आधी सांगता येतं का? खरं तर या एका रकान्यासाठीच तक्ता मांडायचा. बाकीचे सहा सोबतीला.

११ तारीख, सोमवार

झपाटा आज खोलीत आली. ही माझ्या हाताखालची पोरगी. टाइप करायला लागली की शेजारच्याचा चहा हिंदकळतो, म्हणून झपाटा. तिने लॅपटॉपवर हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार उघडून-मिटून दाखवलं. छान चालत होतं. निरोपांची रांगसुद्धा व्यवस्थित.

मी म्हटलं, "अगं, पद्धत अजून ठरायचीय."

"मला साहेबांनी मागच्याच महिन्यात सांगितलं, मॅडम. सराव म्हणून लिहून ठेव म्हणाले."

मी तिचं कौतुक केलं. सराव हवाच. आमच्या वेळी असं कुणी करून घेतलं नाही.

बाहेर स्वागतकक्षात हॉस्पिटलच्या लिफ्टचा मोठा फलक लागलाय, लिफ्ट देण्याच्या तारखेसकट. तारीख याच महिन्याच्या शेवटची! पद्धत ठरायच्या आत तारीख छापायची म्हणजे माझ्यावर विश्वास तरी केवढा. दडपणही आलं थोडं.

१५ तारीख, शुक्रवार

हसरे तक्ता बघून गेले. खूश होते. फक्त म्हणाले, "मॅडम, हा सातवा रकाना पानाबाहेर जातोय. तेवढा काढला की तक्ता एका पानावर बसतो. वरच्या लोकांना एकच पान वाचायची सवय आहे."

मी रकाना अरुंद करून बघितला. अक्षरं लहान केली. तरी त्यांच्या मते तो बाहेरच जात होता. शेवटी माझ्यापुरता तोडगा काढला: सातवा रकाना शेवटी पुरवणीत घातला, पूर्ण स्पष्टीकरणासह. तिथे त्याला मोकळी जागा मिळाली, उलट बरंच झालं. हसरे म्हणाले, "हेच तर तुमचं कौशल्य."

संध्याकाळी घरी हे सांगत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या कुठल्याही दारात आधी काठी ठेवतात, मग विचार करतात, मग पाय टाकतात. म्हणाल्या, "कागदाला काय धाड भरलीय? मोठा घ्यावा."

यांना छपाईतलं काही कळत नाही.

१८ तारीख, सोमवार

आज गुणांची बेरीज केली आणि पेन हातातच राहिलं.

पहिल्या पानावर सहा रकाने. फेरीची पद्धत मागे, पंधरवड्याची पुढे. एका गुणाने. मी पुन्हा बेरीज केली, मग खालून वर केली. बेरीज बरोबर आहे. गुण मीच दिलेत आणि खरे दिलेत. पंधरवड्याची पद्धत खरोखरच वेगवान आहे, तिला माणसं मिळतात, ती दाखवता येते. पडद्यासाठी आणि गाण्यांसाठी मी डोळे मिटून तीच घेईन. फक्त दारासाठी नाही, ब्रेकसाठी नाही. ते सांगणारा रकाना मी माझ्या हाताने पुरवणीत नेऊन ठेवला.

उठून बाहेर जायला निघाले तर दार अडलं. ओढलं, लाथ मारली, हाका मारल्या. पलीकडे दोर सरकत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा येऊन खुर्चीत बसले आणि पानाकडे बघत राहिले. कुणीतरी चहाचं विचारायला आलं तेव्हा सुटका झाली. मला रडू येत होतं, आणि ते दारामुळे नव्हतं.

१९ तारीख, मंगळवार

सकाळीच हसऱ्यांकडे गेले. सांगितलं, पहिलं पान चुकीचं आहे. दार आणि ब्रेक फेरीच्या पद्धतीने लिहायला हवेत, बाकीचं पंधरवड्याने चालेल. दोन डोकी, एक लिफ्ट. तारीख पुढे जाईल.

ते हसत ऐकत होते. मग म्हणाले, "तक्ता तुमचा, गुण तुमचे, बेरीज तुमची. मी कुठे बोट लावलंय?"

"सातवा रकाना..."

"तो आहे ना पुरवणीत. कुणी काढलाय?" खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मॅडम, जबरदस्ती नाही. तुम्हाला नको असेल तर झपाटा सही करेल. ती तयार आहे. पहिली फेरीही मारेल. तिच्या वयात कुणाला आवडणार नाही?"

झपाटाचं लग्न ठरलंय. ती आनंदाने सही करेल, उड्या मारत चढेल, आणि पुढे कधी त्या हॉस्पिटलात कुणाचा हात दारात सापडला तर जन्मभर तिचं नाव त्या कागदाखाली राहील. मी सही केली तर माझं राहील. हसऱ्यांचं कुठेच नाही. हे मला आज कळलं. नवऱ्याला चार तारखेलाच कळलं होतं.

घरी त्याला सांगितलं, "तू बरोबर होतास." तो म्हणाला, "नकोय मला बरोबर असणं. नोकरी सोड." मी म्हटलं, "सोडली तर ती पोरगी बसेल त्यात." भांडी त्याने घासली, न सांगता.

२२ तारीख, शुक्रवार

सही केली.

२५ तारीख, सोमवार

सगळे अभिनंदन करताहेत. दारावर माझ्या नावाची पाटी लावली. दार तसंच अडतं.

लिफ्ट विहिरीत उभी आहे, तयार. सही शुक्रवारची आणि लिफ्ट सोमवारी तयार. झपाटाने सराव म्हणून लिहिलेलंच सगळं बसवलंय. मी अकरा तारखेला तिचं कौतुक केलं होतं ते आठवून लाज वाटली. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

झपाटाला बाजूला घेऊन विचारलं, "खूप निरोप एकदम आले आणि दारात काही सापडलं तर?"

"पाळी येईल ना त्याची."

"कधी?"

"सांगता येत नाही, मॅडम. पण असं होईल कशाला?"

२७ तारीख, बुधवार

उद्या पहिली फेरी. हॉस्पिटलची माणसं बघायला येणार आहेत, फोटो काढणार आहेत.

फिटर भेटला. मनोरा, घंटा आणि किल्ली सगळं याच्या ताब्यात. मोजून शब्द बोलतो. म्हणाला, "मॅडम, सलामीला सगळ्या मजल्यांवर माणसं लावलीत." मी विसरलेच होते. पहिल्या फेरीत लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबून निघते, तेव्हा प्रत्येक मजल्यावर उभी असलेली माणसं आपापलं बटण एकदम दाबतात, सही करणाऱ्याला मान म्हणून. थोरल्या मालकांचीच रीत. मान म्हणून, की आणखी कशासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

सगळी बटणं, सगळे निरोप, एकदम, आणि बरोबर दार मिटण्याच्या वेळी.

घरी जेवताना ताटातली पोळी नुसती मोडत बसले. सासूबाई मला न्याहाळत होत्या. मग आत गेल्या आणि जुनी काठी घेऊन आल्या, रबर झिजलेली. "ही घेऊन जा उद्या. माझ्याआधी हिला चढव. दाराने हिला वाट दिली तर मी चढेन तुमच्या लिफ्टमध्ये."

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू रोज मोठ्याने बडबडत लिहितेस. मला डोळ्यांनी कमी दिसतं, कानाला काही झालेलं नाही."

म्हणजे ही वही माझी एकटीची नव्हतीच. राग यायला हवा होता, आला नाही. काठी पर्सशेजारी ठेवलीय.

२८ तारीख, गुरुवार. दोन मजल्यांच्या मध्ये

हे लिफ्टच्या जमिनीवर बसून लिहितेय. पडायची भीती नाही. पडताना धरणारा ब्रेक वेगळा, निव्वळ लोखंडाचा आहे, लागायला त्याला प्रोग्रामची परवानगी लागत नाही.

झालं ते असं. खाली हसरे, हॉस्पिटलची दोन माणसं, कॅमेरा. मी काठी घेऊन चढले तेव्हा हसरे म्हणाले, "पाय दुखावलाय का?" मी म्हटलं, "घरच्यांची आहे." मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोर कुणी टाळ्या वाजवल्या. दार मिटायला लागलं तशी मी काठी मध्ये धरली. त्याच क्षणी सलामी झाली. वर-खाली सगळी बटणं पेटली.

दार थांबलं नाही. काठी कडाडली आणि मोडली. अर्धी बाहेर, अर्धी माझ्या हातात. दार पूर्ण मिटलं, कुलूप लागलं, लिफ्ट निघाली. आणि मग, चालत्या लिफ्टमध्ये, ‘दारात काहीतरी आहे’ या निरोपाची पाळी आली. निरोप खरा होता. दारात काहीतरी होतंच, मघाशी. प्रोग्रामने इमानदारीत ब्रेक मारला आणि मला इथे टांगलं. उत्तर बरोबर, उशिरा.

मी काठीचा तुकडा मांडीवर घेऊन बसले. ती काठी होती म्हणून. सासूबाई आधी काठी ठेवतात, मग पाय टाकतात. हे डोक्यात आलं आणि हुंदका फुटला.

स्पीकरवर हसरे. "मॅडम, ठीक आहात ना? किरकोळ आहे. पुढच्या पंधरवड्यात करून टाकू दुरुस्त. फिटर दार उघडतोय. बाहेर या, घंटा वाजवा, खाली पाहुणे खोळंबलेत."

वरच्या मजल्याचं दार फिटरने हाताने उघडलं, लिफ्टचंही उघडलं. माझ्या डोक्याच्या उंचीवर फरशी आणि त्याचे बूट. त्याने शिडी आत सोडली. मी उठले. शिडीला हात लावला. किती मोकळी हवा येत होती वरून.

आणि लक्षात आलं. स्वतःच्या पायांनी बाहेर पडले की फेरी पुरी झाली. मग घंटा, मग किल्ली, मग फाटक. मी आत आहे तोवर पहिली फेरी चालूच आहे.

मी शिडी सोडली आणि पुन्हा बसले.

"मॅडम?" हसऱ्यांचा आवाज.

"फेरी अजून संपली नाही, साहेब."

"म्हणजे काय?"

"सातवा रकाना पहिल्या पानावर घ्या. दार आणि ब्रेक फेरीच्या पद्धतीने लिहून होऊ द्या. मग येते."

"त्याला वेळ लागेल!"

"लागू द्या. तो किती लागेल, ते आधी सांगता येतं. बसून सांगते हवं तर."

मग त्यांनी तेच काढलं. "ठीक आहे. झपाटा दुसरी फेरी मारेल."

"मारू दे की. लिफ्ट रिकामी झाली की."

मग स्पीकरवर झपाटाचा आवाज, पहिल्यांदाच सावकाश: "मॅडम, मी लिफ्टची नोंद बघितली. काठीचा निरोप रांगेत शेवटचा होता. मी नाही चढणार." तिच्यामागे हॉस्पिटलचा माणूस कुणालातरी विचारत होता, कुठली काठी, कसली काठी. हसऱ्यांनी काहीतरी उत्तर दिलं. त्यांच्या आवाजातलं हसू गेलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

फिटरने वरून डोकं आत घातलं. "मॅडम, येताय?"

"नाही."

"किल्ली माझ्या खिशात आहे," तो म्हणाला. जरा थांबून, "मग चहा आत सोडू?"

"सोडा."

चहा दोरीने आला, अर्धा सांडून. घरून फोन आला होता. नवरा म्हणाला, डबा घेऊन निघालोय. मागून सासूबाई ओरडल्या, "बसलीयस ना? मग आता उठू नकोस." काठी मोडल्याचं सांगितलं. म्हणाल्या, "बरं झालं, तीच मोडली."

भीती वाटतेय. नोकरी जाईल बहुधा. भिंती जवळ आहेत, दिवा मधेच मंद होतो, आणि पाय सोडून बसायलाही पुरती जागा नाही. तरी त्या खिडकी नसलेल्या खोलीपेक्षा इथे श्वास बरा चाललाय. वहीच्या या पानावर तक्ता नव्याने आखलाय, एकाच ओळीचा, आणि तो पानात व्यवस्थित बसलाय.

पद्धत: पंधरवड्याची.

सगळ्यात वाईट घडीला किती वेळ लागेल, हे आधी सांगता येतं का: नाही. मी अजून आतच आहे.